फॉस्फो-फॅकचा बँड येईना गेलाय? अँटीबॉडीला शिव्या घालण्याआधी हे तपासा

फॅक हे पेशीतलं एक प्रथिन, आणि फॉस्फो-फॅक म्हणजे त्याचं फॉस्फेट लागलेलं रूप. ते बघायला वेस्टर्न ब्लॉट करतात: पेशी फोडून केलेल्या द्रावणातली (लायसेट) प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची (ट्रान्सफर) आणि अँटीबॉडी लावून हव्या त्या प्रथिनाचा पट्टा, म्हणजे बँड, बघायचा. टोटल अँटीबॉडी सगळं फॅक दाखवते, फॉस्फो-अँटीबॉडी फक्त फॉस्फेट लागलेलं.

आधी लक्षणं. तुमच्या ब्लॉटवर नेमकं काय दिसतंय ते ठरवा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

- टोटल फॅकचा बँड १२५ किलोडाल्टनला ठसठशीत, पण टायरोसीन ३९७ च्या (फॅकमधलं ३९७ वं अमिनो आम्ल) फॉस्फो-अँटीबॉडीला मेंब्रेन कोरी. मला येणारे निम्म्याहून जास्त फोन याचेच.
- टोटल आणि फॉस्फो दोन्ही गायब, ट्युब्युलिन (तुलनेसाठी बघायचं, सगळ्या पेशींत असणारं प्रथिन) मात्र व्यवस्थित.
- काहीच नाही. ट्युब्युलिनसुद्धा नाही.
- फॉस्फो सगळ्या लेनमध्ये, म्हणजे नमुन्यांच्या सगळ्या रांगांत, सारखाच. चिकटलेल्या पेशी आणि तरंगत ठेवलेल्या पेशी यांत तसूभर फरक नाही.
- १२५ ला फिका आणि खाली ८५ ते ९५ च्या आसपास जाडजूड बँड.
- मागच्या आठवड्यात आला होता, या आठवड्यात नाही. प्रोटोकॉल तोच, हात तेच.

मी छत्रपती संभाजीनगरात एका लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट आहे. हा एक ब्लॉट मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की नांदेड, लातूर, परभणीची पोरंपोरी आता मार्च लागला की थेट फोनच करतात. "ताई, टोटल झकास आलाय, फॉस्फोच येईना गेलाय. नवी अँटीबॉडी मागवायची का?" माझं उत्तर ठरलेलं: थांब. मी पाहिलेल्या बिघाडांत अँटीबॉडी खरोखर मेलेली होती अशा वेळा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी बहुतेक वेळा फॉस्फेट लायसेट तयार होण्याआधीच उडून गेलेलं होतं.

हे प्रथिन इतकं हळवं का

फॅक म्हणजे फोकल अ‍ॅडहीजन कायनेज; कायनेज म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट लावणारं विकर. १९९२ मध्ये ते ओळखलं गेलं. माणसात त्याच्या जनुकाचं नाव पीटीके-टू, लांबी १०५२ अमिनो आम्लं. पेशी जमिनीला, म्हणजे बाहेरच्या जाळीला, इंटिग्रिन नावाच्या रेणूंनी धरते. जिथं धरते तिथं आतल्या बाजूला फॅक गोळा होतं. एरवी त्याचा पुढचा भाग, ज्याला फर्म डोमेन म्हणतात, तो कायनेजच्या भागावर झाकणासारखा बसलेला असतो. पकड बसली की झाकण उघडतं आणि फॅक ३९७ व्या टायरोसीनवर फॉस्फेट लावून घेतं. त्या फॉस्फेटला येऊन सार्क नावाचं दुसरं कायनेज चिकटतं, ते पुढं ५७६ आणि ५७७ वर फॉस्फेट लावतं, आणि मग फॅक पुरतं कामाला लागतं.

पोरं याला "चिकटवणारं प्रथिन" म्हणतात, तिथंच घोळ सुरू होतो. १९९५ मध्ये फॅक काढून टाकलेले उंदीर तयार केले तेव्हा त्यांचे भ्रूण पोटातच मेले. त्या भ्रूणांतून काढलेल्या पेशी मात्र चिकटत होत्या, उलट त्यांच्यात पकडीच्या जागा जास्तच होत्या. त्यांना चालता येत नव्हतं. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात चालून बघा. पाय रुततो आपोआप, उपसून पुढं टाकायला जीव जातो. फॅक त्या उपसण्याच्या कामाचं आहे. म्हणजे ३९७ वरचं फॉस्फेट ही कायमची खूण नव्हे. पेशीनं आत्ता या क्षणी काही धरलंय का, याची ती बातमी आहे. पकड सुटली की आतल्या फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारी विकरं, ती बातमी पुसायला लागतात. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की खालच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ लागेल.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तर हसू येईल अशी. मेंब्रेन कुठं कापली? एकाच ब्लॉटवर दोन अँटीबॉडी बसवायच्या म्हणून पोरं मेंब्रेन आडवी कापतात, आणि कात्री बरोबर १०० च्या वरच्या मार्करजवळून जाते. रंगीत मार्कर काही काटेकोर नसतो. फॅक कधी ११५ ला दिसतं, कधी १३० ला. मी दोनदा मेंब्रेनचा "रिकामा" म्हणून बाजूला ठेवलेला तुकडा उचलून त्यावर बँड काढून दिलाय. कापायचीच असेल तर ७० च्या मार्करवर कापा.

दुसरी: अँटीबॉडीचा कागद नीट वाचा. ती फॅकच्या कुठल्या टोकाला बसते? शेपटीकडच्या भागाला बसणारी टोटल अँटीबॉडी कधीकधी ४० च्या थोडं वर एक बँड दाखवते. तो फर्न्क असू शकतो, म्हणजे फॅकची नुसती शेपूट, कायनेज नसलेली, काही पेशी ती वेगळी बनवतात. तिच्यात ३९७ नाहीच, त्यामुळे फॉस्फोला ती दिसणार नाही. बिघाड नव्हे तो.

तिसरी तपासणी चौथ्या लक्षणासाठी, म्हणजे फॉस्फो सगळीकडे सारखाच आल्यावर. आधी टोटल लावून, स्ट्रिप करून (लावलेली अँटीबॉडी धुऊन काढून), मग फॉस्फो लावलात का? दोन्ही अँटीबॉडी बहुधा सशाच्याच असतात. स्ट्रिपिंग अर्धवट झालं की तुम्ही फॉस्फो म्हणून जुना टोटलच बघत असता. क्रम कायम उलटा ठेवा: आधी फॉस्फो, मग टोटल. आणि स्ट्रिप केल्यावर नुसती सेकंडरी, म्हणजे पहिल्या (प्रायमरी) अँटीबॉडीला धरणारी दुसरी अँटीबॉडी, लावून एकदा फोटो घ्या. मेंब्रेन कोरी राहिली तरच पुढं जा.

पाच-दहा रुपयांच्या तपासण्या

काहीच दिसत नसेल तर आधी ईसीएल, म्हणजे बँड उजळवणारं दोन द्रावणांचं मिश्रण, तपासा. ट्यूबमध्ये दोन्ही द्रावणं थोडी थोडी मिसळा, त्यात पातळ केलेल्या सेकंडरीचा एक मायक्रोलिटर टाका आणि दिवा बंद करा. निळसर उजेड दिसायला हवा. नाही दिसला तर ईसीएल तरी संपलंय किंवा सेकंडरीवरचं एचआरपी, म्हणजे ईसीएलमधून उजेड पाडणारं विकर, तरी मेलंय. बाटली दुसरी घेऊन बघा, कोण ते लगेच कळेल. पुन्हा वापरायच्या प्रायमरीत सोडियम अझाइड टाकून ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. अझाइड एचआरपीला मारतं. प्रायमरीत चालेल, पण नंतरच्या धुण्यात कंटाळा केलात तर तेच अझाइड सेकंडरीला भोवतं. सेकंडरीत तर चुकूनही नको.

मग पॉन्सो, म्हणजे मेंब्रेनवरची सगळी प्रथिनं लाल दाखवणारा रंग. पाच मिनिटांचं काम आहे आणि तरी दहातली आठ पोरं ते टाळतात. ट्रान्सफर झाली की मेंब्रेन पॉन्सोत बुडवा आणि नजर १०० च्या वर ठेवा. खाली लाल पट्टे दाट आणि वर पांढरंफटक असेल तर तुमचा दोष दुसऱ्या लक्षणातला: मोठी प्रथिनं जेलमधून निघालीच नाहीत. जेल आठ टक्क्यांचं करा, बाराचं नको. ट्रान्सफर बफरमध्ये मिथेनॉल वीसवरून दहा टक्क्यांवर आणा, कारण मिथेनॉल जेलला आक्रसवतं आणि मोठ्या रेणूंची वाट अडवतं. मेंब्रेन पीव्हीडीएफची (एक प्रकारचं प्लास्टिक) असेल तर आधी निव्वळ मिथेनॉलमध्ये भिजवायला विसरू नका, नाहीतर ती ओलीच होत नाही. अर्ध-कोरडी सात मिनिटांची झटपट ट्रान्सफर या प्रथिनाला मी वापरत नाही. काहींना जमते, मला ती कधी भरवशाची वाटली नाही.

इथंच सहाव्या लक्षणाचं एक कारण लपलेलं असतं. रात्रभर ३० व्होल्टवर ट्रान्सफर लावून घरी जायचं, रात्री दोनला लाईट जाते, पाचला येते. आमचा पॉवर पॅक लाईट परत आली तरी आपोआप सुरू होत नाही, तुमचाही होत नसेल. सकाळी येऊन बघता तर पडद्यावर आकडे नाहीत, पण टँक गार आहे, सगळं जागेवर आहे, म्हणून पुढं रेटता. आम्ही उन्हाळ्यात रात्रीची ट्रान्सफर बंदच केली. दिवसा १०० व्होल्ट, ९० मिनिटं, टँक बर्फात, आणि माणूस शेजारी बसलेला.

बर्फावरून आठवलं. लाईट नसली की बर्फाचं मशीनही नसतं. आम्ही समोरच्या रसवंतीवाल्याकडून लादीचा तुकडा आणतो, गोणपाटात घालून फोडतो. ट्यूबभोवती ठेवायला तो उत्तम. फक्त त्याचं वितळलेलं पाणी ट्यूबच्या तोंडात जाऊ देऊ नका.

मेंब्रेनवरची रिकामी जागा झाकायला दूध वापरावं का, यावर भांडणं फार होतात म्हणून थोडक्यात माझं मत. दुधातलं केसिन स्वतः फॉस्फेट लागलेलं प्रथिन आहे, म्हणून "फॉस्फोला दूध नको" असा नियम पडला. केसिनवरची फॉस्फेटं मुख्यतः सेरीनवर असतात, आपल्याला हवं ते टायरोसीन. त्यामुळे दूध दर वेळी घात करतंच असं नाही. पण पार्श्वभूमी काळी येत असेल किंवा बँड फिका असेल तर वाद न घालता पाच टक्के बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या आणि फॉस्फेटच्या पीबीएस बफरऐवजी ट्रिसचा टीबीएस वापरा. आणि हो, मेसच्या चहासाठी आणलेली दुधाची पावडर साखर घातलेली असू शकते. झालंय हे.

व्हॅनेडेट: इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात

टोटल उत्तम, फॉस्फो कोरा, आणि वरचं सगळं ठीक, असं असेल तर आता फ्रीजरमधली सोडियम ऑर्थोव्हॅनेडेटची ट्यूब काढा आणि उजेडात धरा. पिवळी आहे? मग ती टाकून द्या.

व्हॅनेडेट टायरोसीनवरची फॉस्फेटं काढणाऱ्या फॉस्फेटेजना अडवतं, कारण त्याचा आकार फॉस्फेटसारखा असतो. पण हे काम सुटा रेणूच करतो. सामू खाली आला की दहा-दहा व्हॅनेडियम एकत्र येऊन गठ्ठा होतो, त्याचा रंग पिवळा-नारिंगी, आणि तो या कामाला निरुपयोगी. म्हणून नुसती पावडर पाण्यात विरघळवून भागत नाही, तिला जागं करावं लागतं. २०० मिलिमोलरचं द्रावण करा, १०० मिलिला ३.६८ ग्रॅम. हायड्रोक्लोरिक आम्लानं सामू १० वर आणा. पिवळं होईल. उकळा, रंग जाईल. गार करा, सामू पुन्हा मोजा, सरकलेला असेल, पुन्हा १० वर आणा, पुन्हा पिवळं होईल, पुन्हा उकळा. सामू १० वर टिकून द्रावण बिनरंगी राहीपर्यंत हेच. मग छोट्या ट्यूबांत भरून उणे २० ला. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) २०० पट पातळ करून, म्हणजे एक मिलिमोलर, ऐन वेळी घाला. विषारी आहे, हातमोजे आणि पावडर तोलताना मास्क.

आता त्यातली मेख. पुष्कळांच्या रिपा या लायसिस बफरमध्ये धातू पकडणारा ईडीटीए असतो. ईडीटीए व्हॅनेडेटला धरून ठेवतो आणि त्याचा असर काढून घेतो. डीटीटीही त्याला क्षपित करून निकामी करतो. म्हणजे एका हातानं पहारेकरी उभा करायचा आणि दुसऱ्या हातानं त्याला बांधून टाकायचं. लायसिस बफरमधून दोन्ही काढा, डीटीटी नंतर सॅम्पल बफरमधूनच येऊ द्या.

कोणी म्हणेल, ईडीटीए तर कॅल्शियम धरून कॅल्पेन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराला आवरत होता, त्याचं काय? बरोबर प्रश्न. कॅल्पेन आणि मरणाऱ्या पेशींतलं कॅस्पेज-थ्री हे दोघंही फॅकचे तुकडे पाडतात, पाचव्या लक्षणातला खालचा जाड बँड बहुधा त्यांचाच. कॅल्पेनसाठी ल्युपेप्टिन घाला, ईडीटीए नसलेल्या प्रोटिएज-रोधक गोळ्याही मिळतात. पीएमएसएफ (हाही प्रोटिएज-रोधक) पाण्यात तासाभरातच मरायला लागतं, त्यामुळे सकाळी करून ठेवलेल्या बफरचा दुपारी काही भरवसा नाही. आणि तुकडे कॅस्पेजमुळे असतील तर बफर बदलून काही होणार नाही, तुमच्या पेशीच मरायला टेकलेल्या आहेत.

पाण्याचंही सांगते. काचेच्या डिस्टिलेशनला थंड करायला नळाचं पाणी सतत सोडावं लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसल्या दिवसांत एक लिटर डिस्टिल्डसाठी बादल्या ओतायला कुणाचा हात धजत नाही, आणि मग लोक गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी आणतात. रनिंग बफरला चालवा, मी नाक मुरडणार नाही. लायसिस बफर आणि व्हॅनेडेटला नको. बोअरचं तर कशालाच नको, त्यात कॅल्शियम भरपूर आणि कॅल्पेन त्याचीच वाट बघत असतं.

डिशपासून बर्फापर्यंतची दोन मिनिटं

व्हॅनेडेट चांगलं निघालं तर पुढची तपासणी हातांची. मी फोनवर एकच सांगते: "काल पेशी कशा काढल्यास ते क्रमानं सांग, मिनिटं धरून." आणि समोरून बहुतेकदा हेच येतं: "ट्रिप्सिन टाकलं, तीन मिनिटं, मीडियानं थांबवलं, पाच मिनिटं फिरवलं, पीबीएसनं धुतलं, परत फिरवलं, मग बफर टाकला."

ट्रिप्सिन पेशींची पकड तोडतं. म्हणजे पेशी पंधरा-वीस मिनिटं काहीही न धरता तरंगत होत्या, तेही शरीराच्या तापमानाला किंवा खोलीतल्या चाळीसच्या उकाड्यात. फॅकला जे सांगायचं होतं ते फॉस्फेटेजनी तेवढ्यात पुसून टाकलं. नंतर व्हॅनेडेट घाला नाहीतर काहीही घाला. ब्लॉट खोटं बोलत नाहीये, पेशी खरंच सुटलेल्या होत्या.

असं करा. ट्रिप्सिन नको. बफर, स्क्रेपर, ट्यूबा आधीच बर्फावर. एका वेळी एकच डिश इन्क्युबेटरमधून काढा, सहा डिश रांगेत मांडून ठेवायच्या नाहीत, सहावीची पाळी येईपर्यंत तिचं भजं झालेलं असतं. मीडिया ओता, बर्फगार पीबीएसनं एकदाच झटपट धुवा, तिरकी धरून शेवटचा थेंबही काढा, बफर घाला, आणि डिशमध्येच, चिकटलेल्या असतानाच, पेशी फोडा. मग खरवडा. दारापासून बफरपर्यंत दोन मिनिटांच्या आत. घड्याळ लावून बघा, पहिल्यांदा चार लागतात.

उन्हाळ्यात एसी आणि बर्फ दोन्ही नसतील तर मी थंड ठेवायचा नादच सोडते आणि उलट्या टोकाला जाते. दोन टक्के एसडीएसचा (प्रथिनं उलगडणारा साबणासारखा पदार्थ) बफर उकळता करून थेट डिशवर. सगळ्या फॉस्फेटेज जागच्या जागी उलगडतात, अडवायची गरजच उरत नाही. डीएनए सुटून लायसेट शेंबडासारखं चिकट होतं, ते २६ नंबरच्या सुईतून पाच-दहा वेळा ओढून सोडा. या बफरमध्ये डीटीटी आणि निळा रंग आधी घालू नका, म्हणजे बीसीएनं प्रथिन मोजता येतं. एवढं एसडीएस बीसीएला चालतं, ब्रॅडफोर्डला नाही. यावर इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटीबॉडीनं प्रथिन ओढून काढणं) करायचं असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही, ब्लॉटपुरतीच.

नांदेडच्या एका मुलीचा तीन महिन्यांचा रडका ब्लॉट एवढ्या एका बदलानं सुटला. तिनं फोन करून आधी मला शिव्याच घातल्या, हे आधी का नाही सांगितलं म्हणून.

पेशी कशावर बसल्यात

इथपर्यंत येऊनही फॉस्फो फिका असेल तर पेशींकडे वळा. त्या कशाला धरून आहेत? पॉलिलायसीनवर पेशी चिकटतात, पण ती विजेच्या भाराची चिकटाचिकटी, तिथं इंटिग्रिनची पकड बसतेच असं नाही, आणि फॅक गप्प राहतं. साध्या प्लास्टिकवर काम होतं ते सीरममुळे, कारण सीरममधलं फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन प्लास्टिकवर बसतं. रात्रभर सीरम काढून उपाशी ठेवलेल्या पेशींत फॉस्फो कमी दिसणं साहजिक आहे. डिश गच्च भरलेली असणं आणि विरळ असणं यानंही आकडा हलतो, म्हणून दर वेळी सारख्याच दाटीला पेशी काढा. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या असोत की शेजारच्या लॅबमधून मागून घेतलेल्या, त्या किती वेळा नव्या डिशमध्ये वाटून वाढवल्यात (पॅसेज) तो आकडा लिहिलेला हवा.

यापुढं अंदाजानं जाऊ नका, एक जोडी करा. या जोडीशिवाय पाठवलेला ब्लॉट मी बघतच नाही. एक डिश फायब्रोनेक्टिनची: मिलिला १० मायक्रोग्रॅम, ३७ अंशाला तासभर, मग उष्णतेनं बिघडवलेल्या एक टक्का बीएसएनं उरलेली जागा झाका. फायब्रोनेक्टिनची ट्यूब हलवू-घुसळू नका, धागे सुटून गुठळ्या होतात. पेशी ट्रिप्सिननं सोडवा, हो, इथं मुद्दाम, पण ट्रिप्सिन सीरमनं थांबवू नका, सोयाबीनच्या ट्रिप्सिन-रोधकानं थांबवा. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन असतं, ते तुमच्या तरंगत्या पेशींना आधीच आधार देऊन टाकतं आणि जोडीतला फरक बुजतो. अर्धा तास बिनसीरमच्या मीडियात तरंगत ठेवा. अर्ध्या पेशी तशाच गोळा करून फोडा, अर्ध्या फायब्रोनेक्टिनवर टाकून ४५ मिनिटांनी फोडा. पहिलीत बँड जवळजवळ नाही, दुसरीत चांगला, असं आलं तर तुमची अँटीबॉडी, बफर, ट्रान्सफर सगळं निर्दोष आहे. मग तुमच्या नमुन्यात फॉस्फो नाही याचा अर्थ नमुन्यात फॉस्फो नाही. ते उत्तर आहे, बिघाड नाही. गाइडला तसंच सांगा.

फ्रीजर आणि मग शेवटी अँटीबॉडी

जोडीतही दोन्ही लेन कोऱ्या आल्या तर फ्रीजरकडे जा. एका वाटीत पाणी गोठवा, बर्फावर रुपयाचं नाणं ठेवा, आणि वाटी फ्रीजरमध्ये राहू द्या. सुट्टीनंतर नाणं बर्फाच्या आत किंवा तळाशी दिसलं तर लाईट एवढा वेळ गेली होती की पाणी वितळून परत गोठलं. पडद्यावर उणे २० दिसत असलं तरी. आमच्या फ्रीजरमध्ये हे नाणं कायम असतं. दिवाळीच्या सुट्टीत ते दोनदा बुडालं, आणि दोन्ही वेळा कुणीच लाईट गेल्याचं कबूल केलं नाही. ग्लिसरॉलमधली अँटीबॉडी एखाद्या वेळेस तग धरते, पातळ केलेली आणि साधी गोठवलेली धरत नाही. जुने लायसेट तर फेकाच. ते वितळले तेव्हा फॉस्फेटेजही जाग्या झाल्या होत्या.

अँटीबॉडी तपासायला नवी मागवायच्या आधी एक स्वस्त युक्ती: व्हॅनेडेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून पेरव्हॅनेडेट करा, पेशींना दहा-पंधरा मिनिटं द्या. ते आत शिरतं आणि टायरोसीनवरची फॉस्फेटं सरसकट वाढवतं. त्या लायसेटमध्येही ३९७ दिसला नाही तर मात्र अँटीबॉडी गेली. उलट बाजूनं खात्री हवी असेल तर फॅकचा रोधक, उदाहरणार्थ पीएफ-५७३२२८, एक मायक्रोमोलर, तासभर. बँड घटायलाच हवा. घटला नाही तर तुम्ही बघताय तो बँड फॅकचा नाही. फॅकचा भाऊबंद पायक-टू साधारण त्याच उंचीला धावतो, त्याच्यावर संशय घ्या.

इथं हात थांबवा

पॉवर पॅकमधून वास आला, ठिणगी दिसली, किंवा टँकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि कंपनीचा माणूस किंवा अर्थिंग बघणारा इलेक्ट्रिशियन बोलवा. झाकण उघडून फ्यूज बदलायचा शहाणपणा करू नका. उणे ८० चा फ्रीजर चढायला लागला तर दार न उघडता रेफ्रिजरेशनवाल्याला फोन, आणि नमुने हलवायला कोरडा बर्फ किंवा शेजारच्या लॅबमधला कप्पा. इमेजरच्या फोटोत रिकाम्या पडद्यावरही ठिपके-रेघा येत असतील तर तो कॅमेऱ्याचा प्रश्न, इंजिनिअरचा. डीएपीआय या डीएनएच्या रंगानं रंगवल्यावर केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसले, म्हणजे पेशींना मायकोप्लाझ्मा जिवाणूंची लागण असेल, तर पीसीआरनं पक्कं करून घ्या आणि त्या पेशी मारून नव्या आणा. वाचवायचा मोह अख्ख्या इन्क्युबेटरला भोवतो.

जोडीचा कंट्रोल सलग तीनदा फसला आणि वरचं सगळं करून झालंय, तर चौथा ब्लॉट लावू नका. अँटीबॉडीच्या कंपनीच्या तांत्रिक विभागाला लॉट नंबर आणि न कापलेल्या मेंब्रेनचा पूर्ण फोटो पाठवा, आणि तोवर मास स्पेक्ट्रोमेट्री करणाऱ्या माणसाशी बोलून फॉस्फेट तिथून मोजता येईल का ते विचारा.

आणि नमुना पेशंटच्या गाठीचा असेल तर सुरुवातच पॅथॉलॉजिस्टपासून करा. गाठ कापल्यापासून ती गोठेपर्यंत किती मिनिटं गेली हे ऑपरेशन थिएटरमधलं कुणी लिहून ठेवलेलं नसेल, तर तुमच्या ब्लॉटवरचा फॉस्फो पेशंटचा आहे की ट्रेमध्ये वाट बघण्याचा, हे मलाही सांगता येणार नाही. त्यावरून औषधाबद्दल कुणालाही काही सांगू नका.

फोन केलात तर सोबत चार गोष्टी ठेवा: पॉन्सोचा फोटो, अख्खी मेंब्रेन, व्हॅनेडेटच्या ट्यूबचा रंग, आणि इन्क्युबेटरच्या दारापासून बफरपर्यंतची मिनिटं. दुपारी दोन ते चार करू नका, तेव्हा आमच्याकडे लाईट नसते आणि मी बर्फ फोडत असते.